जुनं द्या, चालतं न्या

— नाही साहेब, ते दार नका लोटू, ते माझं गॅरेज. तुम्हाला बघायची आहे ती गाडी शेजारच्या निळ्या दारामागं. इकडं या, ह्या बाकावर बसा छपराखाली, भिजाल — भिजाल असं तरी कसं म्हणावं, पाऊस म्हणण्यासारखा पडतच नाही बघा, पहाटेपासून नुसता हवेत लोंबकळतोय. पडत नाही, जात नाही, पिठासारखा चष्म्यावर बसतो. काल दुपारी तारेवर टाकलेलं फडकं अजून ओलं, भिंतीला हात टेकला तर हात ओला, डब्यातली साखर दगड झाली. सांतो आंद्रेत अशी हवा आली की आठ-आठ दिवस हलत नाही. आणि अशा हवेत राळ सुकत नाही, म्हणून म्हणतो थांबा जरा. परवा त्या गाडीच्या नाकावर फायबरचं ठिगळ लावलंय मी, ते अजून चिकटच आहे — बोट लावलं की तार येते, शेंबडासारखी, आणि वास असा की सकाळचा पाव वर यावा. किळसवाणं काम. तुम्ही हात लावणार, तुमच्या त्या पांढऱ्या हातमोज्यांना ते लागणार, मग तुम्ही कागदावर काय लिहायचं ते लिहाल. त्यापेक्षा कॉफी घ्या. साखर आधीच घातलेली आहे, आमच्याकडं तशीच असते.

दोना झेनाइदे, गाडीची मालकीण, बाजारात गेली आहे. गुरुवारचा बाजार ना कोपऱ्यावर — भाजी घेणार, गरम पास्तेल खाणार, उसाचा रस पिणार, मासेवाल्याशी भांडणार, अकराच्या आत काही येत नाही. किल्ली? किल्ली आहे माझ्याकडं. दोन आहेत. म्हणजे एक तिची, एक माझी — घाई काय आहे. मी ओरोझिंबो, तिनं फोनवर सांगितलंच असेल, तिच्या गाडीची देखभाल करतो तो शेजारचा म्हातारा. तुम्हाला जुन्या गाड्यांच्या क्लबानं पाठवलंय काळ्या पाटीसाठी, ते माहीत आहे मला. गाडी तीस वर्षांवरची हवी, आणि कारखान्यातून निघाली तशीच हवी, दिव्यापासून दाराच्या मुठीपर्यंत, मग साधी नंबरपाटी काढून काळी लावायची. आर्लिंदोला, तिच्या नवऱ्याला, फार वेड होतं त्या काळ्या पाटीचं. तो गेला, आता तिला झालंय. म्हणते, त्याच्या गाडीला ती लागलेली बघायची आणि मग मी मरायला मोकळी. आणि हे काय आणलंत पिशवीत? लोहचुंबक? अहो, फायबरची गाडी ती, लोहचुंबक काय करणार तिथं — चिकटलंच तर माझ्या दाताच्या तारेला चिकटेल. हसा, हसा. हसलात तर बरं वाटतं.

ह्या तुकानो गाड्या किती पाहिल्यात आजवर? तीन? मग पुष्कळ पाहिल्यात. रुळांच्या पलीकडं एक पत्र्याचं शेड होतं, चौदा माणसं होती, ती बनवायची — फायबरचं अंग, मागं फुस्का म्हणतात त्या साध्या गोल गाडीचं इंजिन, त्याला दोन कार्ब्युरेटर, आणि जमिनीला टेकलेली अशी की बसताना आधी ढुंगण आत टाकायचं मग पाय ओढून घ्यायचे. शेड बंद पडलं तेव्हा शेवटच्या दोन उरल्या होत्या, दोन्ही नारिंगी, शेजारी शेजारी उभ्या. एक मी घेतली, एक आर्लिंदोनं. मोठ्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीला — तो वेल्डिंगला, मी प्रेसवर — घरं ही अशी भिंतीला भिंत लावून, त्याच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मबाप. तेव्हापासून तो मला कोंपाद्रे म्हणायचा नि मी त्याला, आणि झेनाइदे माझी कोमाद्रे. मी लग्न केलं नाही. राहून गेलं. तर दोन गाड्या, एका साच्यातून निघालेल्या, पण आवाज वेगळा. आर्लिंदोनं सायलेन्सर स्वतः बनवला होता, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, चार नळ्या वाकवून — वेल्डिंग असं की शिवण दिसत नाही. सुरू केली की आधी दोनदा खाकरायची आणि मग एकदम मोकळी व्हायची. 'कोंपाद्रे, तुझी गाडी खोकते,' म्हणायचा, 'माझी घसा साफ करून गाते.' आणि भिंतीवरून माझ्याकडं बघत पाय दाबायचा. तुमच्या कागदावर तो सायलेन्सर मूळचा नाही, त्याचे गुण कापाल. कापा.

सुटे भाग कुठून आणतो विचारता — नका विचारू, थुंकावंसं वाटतं मला. मागचा दिवा घ्या. मूळच्या दिव्याच्या लाल काचेत, कोपऱ्यात, तुकानो पक्षी उमटवलेला असतो, नखाएवढा, चोच वर केलेला. आता एक जण नकली बनवतो नि फोनवर विकतो. मला वाचता येत नाही, औषधाच्या दुकानातली पोरगी वाचून दाखवते — 'सेउ ओरोझिंबो, हुबेहूब मूळच्यासारखा असं लिहिलंय' — मागवला. दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडला, सोललेल्या डुकराच्या कानासारखा, आणि पक्षी म्हणाल तर पक्ष्याच्या जागी गांडूळ. दाराचं रबर मागवलं, ते उन्हात पाघळून चघळून टाकलेल्या टॉफीसारखं माझ्या विजारीला लागलं, अजून निघत नाही. आणि तो तोब्यास, भंगारवाला, त्यानं मला पेट्रोलचा पंप दिला, 'खोक्यातला, कोरा, कुणी हात लावला नाही' — घरी आणून उघडला तर आत कुणाच्या तरी गाडीची तीस वर्षांची घाण, काळी, केसांच्या गुंत्यासारखी, आणि वरून चांदीचा रंग फासलेला. परत गेलो. म्हटलं, तोब्यास, ह्याला रंग कुणी दिला? म्हणतो, 'देवानं दिला, देव सगळ्यांनाच रंग देतो.' मला ओरडता येत नाही, साहेब, जमलंच नाही कधी. मी तिथं एका टायरवर बसलो. गिऱ्हाईक आलं की पंप उघडायचा, आतलं दाखवायचं, मिटायचा. काही बोलायचं नाही. दुपारपर्यंत बसलो. मग त्यानं दुसरा दिला, शिव्या देत दिला, पण चांगला दिला.

आणि ह्या सगळ्यांहून किळस येते ती गाड्या फोडणाऱ्यांची. बंगलेवाले, क्लबातलेच काही, रागावू नका — म्हातारीकडून अख्खी चालती गाडी घेतात, घरी नेऊन चार भाग काढतात आपल्या गाडीला, आणि उरलेलं अंग उकिरड्यावर. एक तशी पडलेली मी पाहिली आहे तोब्यासकडं. आत मांजर व्यालं होतं, गादीत उंदरांचं घर, डोळे काढलेले, म्हणजे दिवे हो — उघडलं दार नि वासानं तोंड फिरवलं मी. मेलेल्याच्या पायातले बूट काढणारी ही जात. दुसऱ्याच्या गाडीतलं काढून आपल्या गाडीत घालतो असा माणूस माझ्या दारात उभा नको, मी —

काय? माझी गाडी? हो, आहे ना. ह्याच दारामागं. चालते. चांगली चालते. कशी म्हणजे — आता काही मिळत नाही असं मीच म्हटलं, मग माझी कशी चालते — बरोबर विचारलंत. तुमचा धंदाच आहे विचारण्याचा. कॉफी गार होतेय.

तुम्हाला बदलीची पद्धत माहीत असेलच. नाही कशी माहीत, ह्याच देशातले ना तुम्ही. स्टार्टर घ्यायला जायचं तर आपला जळका स्टार्टर काउंटरवर ठेवायचा, तेव्हा ते चालता देतात. गॅसची टाकी घेतो तसंच, रिकामी द्यायची भरलेली घ्यायची. सुट्या भागांच्या गल्लीत दर दुकानावर पाटी असते, जुनं द्या चालतं न्या — मला वाचता येत नाही, पण त्या अक्षरांचा आकार मी झोपेतही ओळखेन. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. काहीच न ठेवता उचलून नेलं तर ती चोरी. मी आयुष्यात कुठंही भोक ठेवलं नाही. जिथून घेतलं तिथं ठेवलं. हे लक्षात घ्या आणि मग काय लिहायचं ते लिहा — का हो, लिहू लागलात का? मला वाचता येत नाही, पण लिहिताना माणसाचा हात कुठं थांबतो ते कळतं.

आर्लिंदो अकरा वर्षांमागं गेला, बोशा खेळताना मैदानावर, हातात लाकडी गोळा, फेकायच्या आधी. चर्चमध्ये सातव्या दिवसाची मास, प्रार्थना, झाली त्या दुपारी झेनाइदे किल्ली घेऊन आली. म्हणाली, 'कोंपाद्रे, दर शनिवारी सकाळी एकदा सुरू करा. मी तिकडं येणार नाही, ताडपत्री उचलून बघवणार नाही मला. मी स्वयंपाकघरात बसून ऐकेन.' तेवढंच. आणि मी एक शनिवार चुकवला नाही, ताप असला तरी नाही. दहा मिनिटं चालवायची, बंद करायची, ताडपत्री घालायची, भिंतीवरून ती कॉफीचा पेला द्यायची. पण साहेब, उभी गाडी सडते. आपल्या पेट्रोलमध्ये उसाचा मद्यार्क मिसळलेला, तो उभ्या गाडीत गोठतो, कार्ब्युरेटर उघडला की आत हिरवट खळ, बेडकाच्या अंड्यांसारखी, दात घासायच्या ब्रशनं खरवडून काढायची. चारदा काढली मी. आणि भिंतीच्या ह्या बाजूला माझे कार्ब्युरेटर झिजलेले, दांडी हलायची, गाडी चढावर मरायची. तेव्हा एक दिवस वाटलं, हे इथं सडणार, ते तिथं झिजणार — तिला दहा मिनिटांपुरतं माझं पुरेल. बदली केली. चालते दोन मी घेतले, झिजलेले दोन तिच्या गाडीला, नीट साफ करून, नवं गॅसकेट घालून. शनिवारी सुरू झाली. तिला काही कळलं नाही. मला तसं वाटलं.

मग दिवे. त्या गुलाबी डुकराच्या कानांकडं बघवेना मला. ताडपत्रीखाली दिवे कोण बघतंय. मग दाराचं रबर, मग पंप — तोब्यासचा तो — मग वेगाचा काटा, मग वायपरची मोटर. एकेक. कधी वर्षात एक, कधी दोन. मी घाई करत नाही कशाचीच. आणि सहा वर्षांमागं माझा सायलेन्सर गंजून खाली गळून पडला, रस्त्यात, बसथांब्यासमोर, लोक हसले. तेव्हा आर्लिंदोचा घेतला. माझ्याकडं बदलीला काही नव्हतंच, गंजाचा चुरा होता, तर फुस्काचा एक जुना मिळवून तिच्या गाडीला बांधला तारेनं. त्या शनिवारी कॉफी देताना ती म्हणाली, 'आज आवाज बसका वाटतो, कोंपाद्रे.' म्हटलं, हवा दमट आहे, कोमाद्रे. पुढच्या शनिवारी म्हणाली, 'आज तर ऊन आहे.' म्हटलं, रात्रीची दमट होती, नळीत बसली असेल. मग तिनं विचारणं सोडलं. सहा वर्षं हवेवर ढकललं मी. आजही तुम्हाला दारात धरून हवाच सांगत बसलो, नाही का.

रविवारी मी माझी काढतो. सकाळी, मासच्या वेळेला, गल्लीतून एक चक्कर. ती खिडकीत येऊन उभी राहते. केस विंचरलेले, कानांत डूल, सहा वर्षं, एक रविवार चुकला नाही. मी कोपऱ्यावर जरा हळू घेतो, हात करतो. ती डोळे मिटते. मी म्हणायचो, लाजते. ह्या वयात. मी पण शर्टाला इस्त्री करायचो, साहेब. सत्त्याहत्तर वर्षांचा गाढव.

आणि एक राहिलंच. ते सांगायचं नव्हतं. सांगतो. स्टीअरिंग. लाकडाचं असतं ना तुकानोचं, गोल, वार्निश केलेलं. माझं चांगलं होतं. चकचकीत, एक चरा नाही. त्याच्या स्टीअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली खड्डा पडलेला, वार्निश गेलेलं, लाकूड काळं झालेलं — तिथं अंगठा रोवून तो गाडी चालवायचा, गात. मी ते काढलं आणि माझं चांगलं तिथं बसवलं. म्हणजे ह्या वेळी उलटी बदली, चांगलं देऊन झिजलेलं घेतलं. त्याला काय म्हणायचं? पाटीवर असलं काही लिहिलेलं नसतं. चालवताना मी अंगठा त्या खड्ड्यात ठेवतो. नीट बसतो. माझा अंगठा त्याच्याएवढाच आहे, हे मला तो जिवंत असताना माहीत नव्हतं. आणि मग खिडकीखालून जायचं. सांगतानासुद्धा अंगावर पाल पडल्यासारखं होतं मला. तो बंगलेवाला निदान गाडी घरी नेऊन फोडतो, हात काळे करून. मी तिच्या हातची कॉफी पीत पीत फोडली.

सोमवारी ती म्हणाली, क्लबाचा माणूस येतोय गुरुवारी. तीन दिवस मी उलटं करत बसलो, सगळं जिथलं तिथं न्यायला. अठरा वस्तू आहेत साहेब, मी मोजल्या बोटांवर, आणि हे हात बघा, पूर्वीसारखे राहिलेत का. पहिल्यांदा नाकावरचा पक्ष्याचा बिल्ला, तो चकाकता, म्हटलं सोपा आहे, दोन स्क्रू. तर दमटपणानं फुगलेलं फायबर, स्क्रू पिळला आणि तळहाताएवढा तुकडा हातात आला. तेच ते ठिगळ. आर्लिंदोच्या गाडीला तीस वर्षांत ओरखडा नव्हता. मी ठोकत होतो, पुसत होतो, भिंत ही एवढीशी, पलीकडं भांड्याचा आवाज थांबला की कळायचं ती ऐकते आहे.

नाही, तिकडं जाऊ नका. निळ्या दारात बघण्यासारखं काही नाही. तिथं माझी गाडी आहे, माझी घाण, आर्लिंदोच्या कातड्यात. नंबर तेवढा त्याचा. ही घ्या किल्ली. ही नाही, ती — पितळेची, माझ्या दाराची. एकटे जा, मला बरोबर नका घेऊ. डावीकडं दिव्याचं बटण आहे. दिव्यांत पक्षी दिसेल. स्टीअरिंगला हात लावताना हातमोजे काढा, आणि ते लोहचुंबक इथं बाकावर राहू द्या. कागद आज भरू नका, एवढं मागतो. जुलैच्या थंडीत या, हवा कोरडी असते, तोवर मला अठरा शनिवार मिळतात, दर शनिवारी एक. परत जाईल सगळं. मी सावकाश माणूस आहे, पण करतो म्हटलं की करतो. आणि सुरू करून बघा. दोनदा खाकरेल, मग मोकळी होईल. बाजारापर्यंत ऐकू जातं.

जा ना आता. काय बघताय माझ्याकडं? मी मनानं किल्ली दिली असं समजू नका, एवढा चांगला नाही मी. मी तुम्हाला अकरापर्यंत इथंच बसवून, ठिगळ ओलं आहे म्हणून परत पाठवणार होतो. पण सकाळी बाजाराची चाकांची पिशवी ओढत ती इथं येऊन थांबली, तुम्ही बसलाय तिथं. निळ्या दाराची किल्ली माझ्याकडं असतेच, तरी तिनं हात पुढं केला, मला वाटलं परत मागते, म्हणून खिशातून काढून धरली. तर माझी मूठ मिटली तिनं किल्लीवर, आणि म्हणाली, 'कोंपाद्रे, आज हवेचं नाव काढू नका. साहेब आले की त्यांना तुमच्याच गॅरेजात न्या — सहा वर्षं झाली, आर्लिंदो भिंतीच्या तुमच्या बाजूला सुरू होतोय.'